मीटर बदलणार, पण सांगणार कुणाला?

सरकारला जेव्हा जेव्हा सुधारणा करायची असते तेव्हा तेव्हा ती गरिबाच्या नावाने केली जाते, आणि गरिबाच्या दारात मात्र ती हुकूम म्हणून येते. वीज मीटर बदलण्याच्या मोहिमेत नेमके हेच चालले आहे. जुनी मीटर काढा, स्मार्ट मीटर बसवा. गळती थांबेल, विजेची बचत होईल, बिल अचूक येईल, असे सांगितले जाते. असेलही तसे! आम्ही यंत्राचे वैरी नाही. विज्ञानाकडे पाठ फिरवणारा समाज पुढे जात नाही, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना कुणी शिकवण्याची गरज नाही. आमचा प्रश्न साधा आहे. ज्याच्या घरातला दिवा या मीटरवर पेटतो, त्याला मीटर बदलण्यापूर्वी कुणी काही सांगते का? आणि सांगते तर नेमके कुणाला सांगते?

हा प्रश्न आम्ही घणसोलीच्या निमित्ताने विचारतो आहोत. ठाण्याची खाडी आणि ठाणे-बेलापूर रस्ता यांच्यामध्ये वसलेले घणसोली हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव. १९७० साली सिडको स्थापन झाली, नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या आणि गावठाणांभोवती शहर उभे राहिले. जमीन गेली तेव्हा भूमिपुत्राच्या हाती उरले ते राहते घर. त्याने गरजेपोटी त्यावर मजले चढवले आणि खोल्या भाड्याने दिल्या. त्या खोल्यांत कोण राहायला आले? एमआयडीसीतला कंत्राटी कामगार, नाक्यावरचा मजूर, टॉवरमधून धुणीभांडी करणारी बाई, कचरागाडीवरचा ठेका कामगार, रिक्षावाला. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, सातारा सोडून पोटासाठी आलेली ही माणसे. उत्तरेतून आलेलीही आहेत आणि त्यांत आपले बांधवही आहेत. गावाला लागून माथाडी कामगारांची सिम्प्लेक्स वसाहत आहे, दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी सिडकोने बांधलेली घरोंदा वसाहत आहे. श्रमणाऱ्यांचे घर म्हणजे काय, हे या एका घणसोलीत पाहायला मिळते.

नाव एकाचे, दिवा दुसऱ्याचा

वसाहतीतल्या माणसाचे निदान बिलावर नाव असते. गावठाणातल्या भाडेकरूचे तेही नसते. मीटर घरमालकाच्या नावावर, बिल घरमालकाच्या नावावर, महावितरणकडे नोंदवलेला मोबाईल नंबर घरमालकाचा. भाडेकरूच्या वाट्याला येते ते घरमालकाने लावलेले सब-मीटर आणि मालक सांगेल तो युनिटचा दर. भाडे वेळेवर गेले पाहिजे, लाईट बिलाचे पैसे वेळेवर गेले पाहिजेत. पण त्या बिलात काय लिहिले आहे ते पाहण्याचा अधिकार मात्र नाही!

यात गरिबाचे नुकसान कसे होते ते हिशोबाने पाहू. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिली १०० युनिट सर्वांत स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढची आणखी महाग. समजा, एका मीटरवर सहा खोल्या आहेत आणि प्रत्येक खोली महिन्याला ७० युनिट वीज वापरते. प्रत्येक कुटुंबाचे स्वतंत्र मीटर असते तर सहाही कुटुंबे सर्वांत स्वस्त टप्प्यात बसली असती. पण मीटर एकच, म्हणून वापर झाला ४२० युनिट. त्यातली १०० युनिट स्वस्त, २०० महाग आणि १२० त्याहून महाग. सहा गरीब कुटुंबे मिळून कागदावर एक श्रीमंत ग्राहक तयार होतो! दिवा गरिबाचा, दर श्रीमंताचा. या व्यवस्थेत नवे मीटर आले, तर त्याची खबर या सहा कुटुंबांपर्यंत कोण पोहोचवणार?

शब्द बदलले, माहिती आली नाही

या मोहिमेचा इतिहास आठवून पाहा. केंद्र सरकारने २०२१ साली वितरण क्षेत्रासाठी ३ लाख कोटींहून मोठी योजना आणली आणि देशभरात २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले. महाराष्ट्रात महावितरणने २०२३ साली सुमारे २ कोटी २५ लाख मीटरची कंत्राटे चार कंपन्यांना दिली. भांडुप, कल्याण आणि कोकण परिमंडलांतली ६३ लाखांहून अधिक मीटर अदानी समूहाकडे गेली. नवी मुंबई त्यातच येते. एका मीटरमागे खर्च सुमारे १२ हजार रुपये आणि केंद्राचे अनुदान साधारण ९०० रुपये. मग उरलेले पैसे शेवटी वीजदरातूनच वसूल होणार का, हा प्रश्न महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे यांच्यासारख्या जाणकारांनी जाहीरपणे विचारला. लोकांत असंतोष पसरला, मोर्चे निघाले. लोकसभा निवडणुकीनंतर, जून २०२४ मध्ये, सर्वसामान्य घरगुती ग्राहकांकडे प्रीपेड स्मार्ट मीटर बसवणार नाही, असे सरकारने जाहीर केले.

लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. विधानसभा निवडणूक झाली आणि त्यानंतर मीटर पुन्हा आली. या वेळी नाव वेगळे होते, 'टीओडी मीटर'. पैसे आधी भरायचे नाहीत, बिल पूर्वीसारखेच महिन्याअखेर येणार, असा खुलासा करण्यात आला. प्रीपेड आणि पोस्टपेड यांत फरक आहे, तो आम्हालाही कळतो. पण ज्या माणसाने 'मीटर बसणार नाही' एवढेच ऐकले होते, त्याने एके दिवशी कामावरून आल्यावर जिन्याखालच्या पेटीत नवे मीटर पाहिले तर त्याने काय समजावे? फसवले, हेच तो समजणार! जिथे माहिती पोहोचत नाही तिथे अफवा पोहोचते. 'हे मीटर पळते', 'रिचार्ज संपला की रात्री अंधार होणार', या बोलण्याला अज्ञान म्हणून हसणाऱ्या साहेबांनी आधी सांगावे की ते अज्ञान दूर करायला जिन्यापर्यंत कोण आले होते?

कायदा कुणाचे नाव घेतो?

इथे आम्हाला वाचकांचे लक्ष एका शब्दाकडे वेधायचे आहे. वीज कायदा २००३ मधील कलम १६३ वीज कंपनीच्या माणसाला तपासणीसाठी, दुरुस्तीसाठी, मीटरमध्ये फेरबदल करण्यासाठी जागेत येण्याचा अधिकार देते. पण त्याला दोन अटी आहेत. एक, वेळ वाजवी हवी. दुसरी, आपला हेतू आधी कळवायला हवा. कुणाला कळवायचा? कायद्याने तिथे मालक म्हटलेले नाही, बिलावरचे नाव म्हटलेले नाही. कायदा म्हणतो, भोगवटादाराला. भोगवटादार म्हणजे जो त्या जागेत प्रत्यक्ष राहतो तो. म्हणजे भाडेकरू, त्याची बायको, त्याची म्हातारी आई!

हाच कायदा पुढे असेही सांगतो की, ग्राहकाने आत येऊ दिले नाही तर लेखी नोटीस देऊन २४ तास उलटल्यावर कंपनी वीज तोडू शकते. म्हणून हुल्लडबाजी करून, कर्मचाऱ्याला धक्काबुक्की करून काही साधत नाही. तो वायरमनही बहुधा ठेक्यावरचाच असतो, आपल्यातलाच असतो. लढायचे असेल तर कायद्याच्या शब्दावर बोट ठेवून लढले पाहिजे.

माहितीचा अधिकार कायदा २००५ चे कलम ४ आणखी पुढे जाते. लोकांवर परिणाम करणारा निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व महत्त्वाची माहिती प्रसिद्ध करणे आणि बाधित व्यक्तींना निर्णयाची कारणे देणे, हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. कुणी अर्ज केला तरच नव्हे, आपण होऊन! आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत झालेली दुरुस्ती तर प्रत्येक घरात माहीत असली पाहिजे. मीटरचे रिडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार आली, तर पाच दिवसांच्या आत कंपनीने दुसरे मीटर जोडून द्यायचे आणि किमान तीन महिने दोन्हींचा वापर ताडून पाहायचा, अशी ही तरतूद आहे. नवे मीटर पळते की जुने मीटर हळू चालत होते, याचा निकाल भांडणाने नव्हे, या ताडून पाहण्याने लागेल. पण हा हक्क घणसोलीच्या किती खोल्यांपर्यंत पोहोचला आहे?

सवलत दुपारची, माणूस कामावर

नव्या मीटरचा मोठा फायदा म्हणून दिवसाची सवलत सांगितली जाते. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांची सवलत जाहीर झाली. चांगली गोष्ट आहे. पण त्या वेळेत आपला माणूस असतो कुठे? बाई चार घरची कामे करते, पुरुष कंपनीत असतो, मुले शाळेत असतात. पंखा फिरतो तो रात्री, टीव्ही लागतो तो संध्याकाळी. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या कामगाराला या सवलतीचा खरा लाभ आहे; पण भाड्याच्या खोलीत ती सवलत उतरते घरमालकाच्या बिलात, आणि सब-मीटरचा दर मात्र जागचा हलत नाही. माहितीच नसेल तर भाडेकरू मालकाकडे मागणार काय?

वसाहतीत चित्र वेगळे होऊ शकते. सोसायटीचा पाण्याचा पंप घरगुती वर्गवारीच्या मीटरवर चालत असेल, तर टाकी संध्याकाळऐवजी दुपारी भरून घेतली की सामायिक बिलात बचत होते आणि ती प्रत्येक सभासदाच्या देखभाल खर्चात दिसते. त्याला फार मोठे शिक्षण लागत नाही. सभासदांची एक सभा लागते, आणि सभेत समजावून सांगणारा एक माणूस लागतो.

छतावरच्या सौरऊर्जेची गोष्टही तीच. केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. राज्य सरकारने २०२५ साली गरीब घरांसाठी वेगळी योजना काढली. महिन्याला १०० युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला एका किलोवॅटसाठी स्वतःचे सुमारे ५ हजार रुपये भरावे लागतील, दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला त्याहूनही कमी, अशी तिची रचना. ऐकायला गोड! पण सौर पॅनेल बसवायला छत लागते. घणसोलीतल्या भाडेकरूचे छत मालकाचे, मीटर मालकाचे, आणि मालकाच्या मीटरवर सहा खोल्यांचा वापर मिळून १०० युनिट कधीच ओलांडलेली! म्हणजे योजना ज्याच्या नावाने काढली त्यालाच ती शिवत नाही. घरोंदासारख्या वसाहतीत छत सर्वांचे आहे; पण सर्वांचे म्हणजे कुणाचेच नाही असे होऊ द्यायचे नसेल, तर तिथेही ठराव, सभा आणि माहिती याच तीन गोष्टी लागतात.

लंडनमधल्या त्या इमारतीकडे पाहा

रहिवाशांना विश्वासात न घेता त्यांच्या घराची 'सुधारणा' केली की काय होते, याचे जगातले सर्वांत भयंकर उदाहरण लंडनचे आहे. ग्रेनफेल टॉवर ही उत्तर केन्सिंग्टनमधली २४ मजल्यांची सरकारी भाड्याच्या घरांची इमारत. तिथे राहणारे बहुतेक कष्टकरी, अनेक जण स्थलांतरित. २०१३ साली तिथे विजेचा दाब अचानक वाढून घरोघरी उपकरणे बिघडली, धूर निघाला. रहिवाशांनी तक्रारी केल्या. पुढे इमारतीचे नूतनीकरण निघाले. थंडीत उष्णता घरातच राहावी, ऊर्जा वाचावी म्हणून बाहेरून नवे आवरण चढवण्यात आले, खिडक्या बदलण्यात आल्या. २०१६ साली काम पूर्ण झाले. त्या काळात रहिवाशांचा एक गट सतत ओरडत होता की आमचे ऐकले जात नाही, ही इमारत धोकादायक आहे. त्यांना कटकटे ठरवण्यात आले. १४ जून २०१७ च्या रात्री एका स्वयंपाकघरात लागलेली आग त्याच ज्वलनशील आवरणाने इमारतभर नेली आणि ७२ माणसे मेली. चौकशीचा अंतिम अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये आला. हे सर्व मृत्यू टाळता आले असते, असे चौकशीचे अध्यक्ष सर मार्टिन मूर-बिक यांनी सांगितले.

मीटर म्हणजे ते आवरण नव्हे, हे आम्ही जाणतो. घणसोलीत असे काही होईल अशी भीती घालणे हा आमचा हेतू नाही. पण धडा एकच आहे. आत राहणाऱ्या माणसाला इमारतीतली जी गोष्ट कळते ती बाहेरून आलेल्या ठेकेदाराला कळत नाही. कोणत्या जिन्यात वायर उघडी आहे, कोणत्या मीटर पेटीत पावसाचे पाणी उतरते, कोणत्या खोलीत ऑक्सिजनच्या यंत्रावर रुग्ण आहे, हे राहणाराच सांगू शकतो. म्हणून माहिती ही वरून खाली वाहणारी भीक नव्हे, तिने दोन्ही बाजूंनी वाहिले पाहिजे. सांगायचेही आणि ऐकायचेही!

बाबासाहेब आणि वीज

काही जण विचारतील, आंबेडकरी चळवळीचा आणि मीटरचा संबंध काय? त्यांनी इतिहास वाचावा. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज व पाटबंधारे हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये दिल्लीत वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी विजेचा प्रश्न थेट दारिद्र्याशी जोडला. वीज मुबलक हवी आणि स्वस्त हवी, तरच उद्योग वाढतील आणि माणूस गरिबीतून सुटेल, ही त्यांची मांडणी. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. ज्या महामानवाने या देशाच्या वीज धोरणाचा पाया घातला, त्याच्या अनुयायाला स्वतःच्या खोलीचे लाईट बिल पाहता येऊ नये, यापेक्षा मोठी विटंबना कोणती?

महाडला आपण पाण्यावरचा हक्क मागितला. माहिती हाही आजचा सार्वजनिक पाणवठाच आहे. तिथे मालकाने आधी प्यायचे आणि भाडेकरूने उरले तर ओंजळ धरायची, ही रीत आम्हाला मान्य नाही.

महावितरणचे म्हणणे असेल की कोट्यवधी ग्राहक आहेत, प्रत्येकाच्या दारात कसे जाणार? जाहिराती दिल्या, मोबाईलवर संदेश पाठवले. आम्ही म्हणतो, मीटर बसवायला प्रत्येक जिन्यात माणूस जातोच ना? जो मीटर घेऊन जातो तो आधी एक कागद घेऊन जाऊ शकत नाही का? आणि संदेश जातो तो नोंदवलेल्या नंबरावर, म्हणजे पुन्हा मालकाकडेच!

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. काम सुरू करण्याच्या किमान पंधरा दिवस आधी प्रत्येक जिन्यात, मीटर पेटीजवळ, मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत सूचना लागली पाहिजे. तीत कंपनीचे नाव, ठेकेदाराचे नाव, कामाची तारीख, वीज किती वेळ बंद राहील आणि तक्रारीसाठी माणसाचे नाव-नंबर असावा. जुने मीटर काढताना शेवटचे रिडिंग राहणाऱ्यासमोर नोंदवावे, त्याचा फोटो घेऊ द्यावा. मीटर प्रीपेड आहे की पोस्टपेड, ते कागदावर लिहून द्यावे. दुसरे मीटर जोडून पडताळणी करण्याच्या हक्काची माहिती त्याच कागदावर छापावी. घरोंदा, सिम्प्लेक्ससारख्या वसाहतींत काम सुरू होण्याआधी रहिवाशांची सभा घ्यावी आणि ती रविवारी किंवा संध्याकाळी घ्यावी, कारण कामाच्या दिवशी दुपारी बोलावलेली सभा ही कामगाराला टाळण्यासाठीच बोलावलेली असते. आणि ज्या घरात एका मीटरवर अनेक कुटुंबे आहेत, तिथे स्वतंत्र मीटर देण्याचा मार्ग सोपा करावा. निदान मीटर बदलण्याच्या या निमित्ताने तरी तो प्रश्न हाती घ्यावा.

घरमालकांनाही आमचे दोन शब्द. घणसोलीच्या भूमिपुत्राची जमीन त्याला विश्वासात न घेता गेली, हे दुःख आम्ही जाणतो. त्या लढ्याला आमचा पाठिंबा राहिला आहे. पण ज्याला न विचारता त्याची जमीन गेली, त्याने तरी आपल्या भाडेकरूला न सांगता त्याचा दिवा दुसऱ्या मीटरवर जाऊ देऊ नये. बिलाची एक प्रत दारावर लावायला काय खर्च येतो? आणि रागाच्या भरात भाडेकरूची वीज तोडण्याचा प्रकार महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ ला चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

शेवटी प्रश्न आपलाच आहे. सर्व काही कंपनीने करावे आणि आपण वाट पाहत बसावे, ही चळवळीची रीत नव्हे. रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास लाईट बिल वाचायला दिला तर काय बिघडेल? आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी दहा जिन्यांची जबाबदारी घ्यावी; रिडिंगचे फोटो काढून ठेवावेत, तक्रारी लेखी द्याव्यात, पोच घ्यावी. महावितरणच्या कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यापुढे विद्युत लोकपाल आहे. तिथे वकील लावलाच पाहिजे असे नाही. कागद नीट असला की अर्धी लढाई जिंकली जाते. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा मंत्र फक्त जयंतीच्या कमानीवर लिहिण्यासाठी नाही. तो जिन्याखालच्या मीटर पेटीपर्यंतही नेला पाहिजे.

मीटर कोणतेही बसो. दिवा ज्याच्या घरात, सूचना त्याच्या हातात, एवढे तरी घणसोलीने मिळवून दाखवावे!